कच्चे मडके आणि क्रिकेटचा देव

ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात जिलाँग नावाचे बंदराचे शहर आहे. तिथल्या लोकांनी एका खेळाडूला सरळ ‘देव’ असे नाव देऊन टाकले होते. गॅरी ॲब्लेट हा तो खेळाडू. पुढे त्याच नावाचा त्याचा मुलगाही मोठा खेळाडू झाला, म्हणून याला आता थोरला म्हणतात. तिथला फुटबॉल आपल्याकडे फारसा कोणाला ठाऊक नाही. लंबगोल चेंडू, उन्हाळ्यात जिथे क्रिकेट चालते तीच मोठमोठी मैदाने, एका बाजूला अठरा गडी, आणि वरून येणारा चेंडू पकडताना समोरच्याच्या पाठीवर गुडघा रोवून उंच झेप घेतली तर तो दोष नव्हे, कौशल्य. या खेळात थोरल्या ॲब्लेटने २४८ सामन्यांत १०३१ गोल केले. १९८९ च्या अंतिम सामन्यात त्याने एकट्याने ९ गोल मारले, सर्वोत्तम खेळाडूचे पदक त्यालाच मिळाले, आणि त्याचा संघ ६ गुणांनी हरला. तिथे एका गोलचे ६ गुण असतात. आणखी एक गोल झाला असता तर निदान बरोबरी साधली असती. पुढे १९९२, १९९४ आणि १९९५ चे अंतिम सामनेही त्याच्या संघाने गमावले आणि तो विजेतेपदाविना निवृत्त झाला. तरी लोकांनी नाव काही बदलले नाही. चार वेळा दाराशी येऊन रिकाम्या हाताने परतणारा देव त्यांना चालला.

ॲब्लेट स्वतः श्रद्धाळू ख्रिस्ती. एका देवाखेरीज दुसरा देव मानू नये ही त्या धर्माची पहिली आज्ञा, त्यामुळे तिथल्या भाविकाला या टोपणनावाविरुद्ध एक सोपा आक्षेप घेता येतो: हे पाप आहे. आपली अडचण अशी की आपल्याला हा आक्षेप घेताच येत नाही. सचिन तेंडुलकरला क्रिकेटचा देव म्हणणाऱ्या मराठी माणसाने कोणत्या शास्त्राचा भंग केला? गीतेच्या दहाव्या अध्यायात भगवंत आपल्या विभूती सांगतो. पर्वतांत कोण, नद्यांत कोण, योद्ध्यांत कोण, अशी ती लांबलचक यादी आहे, आणि जिथे जिथे वैभव आणि सामर्थ्य दिसेल तिथे माझाच अंश समज, असा तिचा शेवट आहे. मग फलंदाजांत मी तेंडुलकर आहे, असे एक चरण मनातल्या मनात कोणी जोडले तर त्याला नास्तिक म्हणायचे की आस्तिक? आपल्याकडे दगडाला शेंदूर फासला की त्याचा देव होतो, नदीची ओटी भरतात, पोळ्याला बैलाची पूजा होते. मग बॅटने काय घोडे मारले आहे? तेव्हा देवाचा अपमान झाला ही तक्रार इथे टिकत नाही. माझी तक्रार उलट बाजूची आहे. देव म्हटल्याने देवाचे काही बिघडत नाही, खेळाडूचे बिघडते. ज्या गोष्टीसाठी आपण त्याच्यावर जीव टाकला तीच आपण त्याच्याकडून काढून घेतो.

हे म्हणणे नीट मांडायचे तर हिंगोली जिल्ह्यात यावे लागते, आणि तेही क्रिकेटसाठी नव्हे. देवाचे मोठेपण म्हणजे काय आणि माणसाचे मोठेपण म्हणजे काय, यांची फोड करणारी एक जुनी गोष्ट या जिल्ह्यातल्या दोन गावांशी बांधलेली आहे. नर्सी हे परंपरेने नामदेवांचे जन्मगाव, जन्मसाल १२७०. दुसरे गाव औंढा नागनाथ. नामदेव लहानपणापासून विठ्ठलाचे इतके लाडके की त्यांच्या हातचा नैवेद्य देवाने खरोखर खाल्ला, असे सांगतात. देवाशी रोजचे बोलणे, रोजचे रुसवेफुगवे. आजच्या भाषेत सांगायचे तर संतमंडळीत त्यांच्याएवढा प्रसिद्ध दुसरा कोणी नव्हता. आणि मग तेर गावी सगळे जमलेले असताना मुक्ताबाईने गोरा कुंभारांना विचारले, हे थापटणे कशासाठी? मडके पक्के की कच्चे ते पाहायला, असे म्हणत गोरोबांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारायला सुरुवात केली. बाकीचे गप्प बसून राहिले. नामदेव चिडले, कुरकुरले, आणि निकाल लागला: हे मडके कच्चे आहे. या कथेतला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग त्याच्यापुढचा आहे. नामदेव रडत पंढरपूरला गेले, तर विठ्ठलाने आपल्या लाडक्याची बाजू घेतली नाही. गोरोबांचे बरोबर आहे, तुला गुरू नाही, असे त्याने सांगितले आणि विसोबा खेचरांकडे पाठवून दिले. औंढ्याच्या देवळात विसोबा शिवाच्या पिंडीवर पाय ठेवून झोपलेले. नामदेव संतापले. म्हातारा म्हणाला, देव नसेल अशा जागी माझे पाय उचलून ठेव. नामदेवांनी पाय उचलून दुसरीकडे ठेवले तर तिथे पिंड, तिसरीकडे ठेवले तर तिथेही पिंड. औंढ्याचा गाभारा जमिनीच्या पातळीखाली आहे आणि आजही त्यात वाकून, अंग चोरूनच उतरावे लागते. तिथे उभे राहिले की ही गोष्ट घडायला याहून योग्य जागा नव्हती हे पटते.

गोष्ट खरी की रचलेली हा वेगळा वाद आहे. सांगणाऱ्यांना काय सांगायचे होते ते पाहू. नामदेवांचे संतपण नैवेद्याच्या चमत्काराने सुरू झाले असेल, पण ते घडले थापटण्याखाली. ज्यांचे मडके पहिल्यापासून पक्के होते त्यांची नावे त्या प्रसंगापुरती येतात आणि जातात. गोष्ट लक्षात राहते ती नापास झालेल्याची. कच्चे ठरणे, ते जिव्हारी लागणे, आणि तरीही उठून औंढ्याची वाट धरणे ही ती कमाई. देवाला अशी कमाई करता येत नाही. तो कच्चा असूच शकत नाही, म्हणून तो पक्का होऊही शकत नाही. हा न्याय खेळाडूला लावला की देव म्हणण्यातली गफलत लख्ख दिसते.

तेंडुलकरच्या कारकिर्दीचे आकडे मराठी घरांत पाढ्यांसारखे पाठ आहेत: १९८९ ते २०१३, २०० कसोटी सामने, कसोटीत १५,९२१ धावा, ५१ शतके, एकदिवसीय सामन्यांत आणखी १८,४२६ धावा आणि ४९ शतके. देवपणाचा पुरावा म्हणून हेच आकडे पुढे केले जातात. मला मात्र पुरावा म्हणून एकच डाव पुरेसा वाटतो, जानेवारी २००४ चा सिडनीचा. त्याआधीचे तीन सामने आठवावेत. ब्रिस्बेनला ०, ॲडलेडला १ आणि ३७, मेलबर्नला ० आणि ४४. पाच डावांत ८२ धावा. ऑफ स्टंपच्या बाहेरच्या चेंडूला ड्राइव्ह करण्याच्या नादात तो बाद होत होता आणि ऑस्ट्रेलियाचे गोलंदाज तिथेच टप्पा टाकत होते. कव्हर ड्राइव्ह हा फलंदाजीतला सर्वांत देखणा फटका, आणि त्याच्या हातून तो निघाला की बघणाऱ्याचे तिकिटाचे पैसे वसूल. सिडनीला त्याने ठरवले की हा फटका मारायचाच नाही. दहा तासांहून अधिक वेळ, ४३६ चेंडू, तो ठरवलेले पाळत राहिला. ऑफ स्टंपच्या बाहेर चेंडू येत राहिले, आमंत्रण मिळत राहिले, आणि तो बॅट वर उचलून चेंडू यष्टिरक्षकाकडे जाऊ देत राहिला. धावा काढल्या त्या बहुतेक लेगच्या बाजूला. समोर लक्ष्मण मनगटांची जादू दाखवत होता, प्रेक्षक त्याच्यावर खूश होते, तरी याचा निश्चय ढळला नाही. शेवटी नाबाद २४१. त्याच्या सुंदर डावांत हा डाव कोणी धरत नाही, आणि बरोबरच आहे. पण त्याच्या मोठ्या डावांत तो पहिला धरायला हवा.

या डावाचे धार्मिक भाषेत वर्णन करायचे झाले तर शब्द तयार आहेत: व्रत, संयम, त्याग. हे सगळे शब्द साधकाचे आहेत, देवाचे एकही नाही. त्याग करायला आधी आसक्ती लागते, आणि आसक्ती म्हणजे उणीव. व्रत मोडण्याची शक्यता प्रत्येक चेंडूला असते म्हणून ते व्रत. देवाला कव्हर ड्राइव्ह सोडावा लागला नसता, कारण तो मारून तो बादच झाला नसता. मग सिडनीला देव खेळला असे म्हणण्याचा अर्थ काय उरतो? ज्याला ते सहज शक्य होते त्याने ते केले, एवढाच. यात कौतुक कसले? शिवाजी पार्कवर तेंडुलकरचे प्रशिक्षक रमाकांत आचरेकर सर सरावात स्टंपवर रुपयाचे नाणे ठेवत, जो गोलंदाज याला बाद करेल त्याचे नाणे, आणि नाबाद राहिला तर याचे. ती नाणी तेंडुलकरने जपून ठेवली हे सर्वश्रुत आहे. देवाला नाण्याचे मोल काय? ते मोल घामाचे आहे, आणि देव म्हटले की सगळ्यांत आधी घाम पुसला जातो.

इथे जाणता वारकरी मला थांबवील, आणि त्याचा आक्षेप या विषयावरचा सर्वांत वजनदार आक्षेप आहे. तो म्हणेल, तुम्ही ज्याला देव म्हणता तो सर्वशक्तिमान, निर्विकार देव तत्त्वज्ञांचा. आमचा देव तसा नाहीच. आमचा देव पुंडलिकाने फेकलेल्या विटेवर ताटकळत उभा आहे. तो जनाबाईला दळू लागतो, चोखोबांबरोबर ढोरे ओढतो, नामदेवाचे रुसणे सहन करतो. तुमच्या हिंगोली जिल्ह्यातलीच कथा घ्या: औंढ्याला पुजाऱ्यांनी नामदेवांना कीर्तन थांबवून देवळाच्या मागे जायला लावले, तर आख्खे देऊळ त्यांच्याकडे वळले, म्हणून तिथे नंदी मागच्या बाजूला आहे असे सांगतात. जो देव भक्तासाठी वळतो, दमतो, वाट बघतो, तसाच देव आम्ही खेळाडूत पाहिला तर त्याची माणुसकी कुठे हिरावली? उलट आम्ही देवालाच माणूस केले आहे, मग माणसाला देव करण्यात अंतर कितीसे उरते?

आक्षेपाचा पहिला अर्धा भाग मला पूर्ण मान्य आहे. विठ्ठल माणसाळलेला आहे, आणि मराठी भक्तीचे सगळे बळ त्यातच आहे. पण तो माणसाळला कोणासाठी, हे पाहायला हवे. जनाबाईने देवाकडे दळण मागितले नव्हते, ती दळत होती. नामदेवांनी देऊळ फिरव असे म्हटले नव्हते, ते मागे जाऊन गात बसले. इथला भक्त आपल्या कामात असतो आणि देव येतो. खेळाडूच्या भक्तीत ही दिशा नेमकी उलटी झालेली दिसते. भक्त काहीच करत नाही, आणि देवाने शतक करावे अशी त्याची अपेक्षा असते. याला भक्ती म्हणण्यापेक्षा नवस म्हणणे बरे. नवसाचा एक नियम आहे: देव पावला तर नारळ, नाही पावला तर दूषणे. मार्च २०११ मध्ये नागपूरला तेंडुलकरचे नव्व्याण्णवावे आंतरराष्ट्रीय शतक झाले आणि शंभरावे व्हायला मार्च २०१२ उजाडला. त्या वर्षभरात देशाने त्याच्याकडे जे लावून धरले होते ते नवस फेडून घेण्याखेरीज दुसरे काय होते? मीरपूरला बांगलादेशाविरुद्ध ते शतक एकदाचे झाले, भारत तो सामना हरला, आणि सामना हरल्याची आठवण आज किती जणांना आहे?

भक्ती आणि नवस यांतला फरक केवळ कल्पनेने काढलेला नाही हे १९९९ सालाने दाखवले. जानेवारीअखेर चेन्नईला पाकिस्तानविरुद्ध चौथ्या डावात २७१ धावा हव्या होत्या. २ बाद ६ अशा अवस्थेत तेंडुलकर आला. पाठ इतकी दुखत होती की दोन फटक्यांच्या मध्ये त्याला वाकून उभे राहावे लागत होते. तो १३६ धावांवर बाद झाला तेव्हा विजयाला १७ धावा बाकी होत्या. उरलेले गडी चार धावांत आटोपले, पराभव १२ धावांनी. आणि मग चेन्नईच्या चेपॉक मैदानावरच्या प्रेक्षकांनी उभे राहून पाकिस्तानच्या संघासाठी टाळ्या वाजवल्या. त्या संघाने मैदानाला फेरी मारून त्यांना अभिवादन केले. तीनच आठवड्यांनी कोलकात्यात त्याच संघाविरुद्ध तेंडुलकर शोएब अख्तरवर आदळला आणि क्रीझबाहेर असताना धावचीत ठरला. प्रेक्षक खवळले, मैदानात बाटल्या पडल्या. तेंडुलकरला स्वतः मैदानाभोवती फिरून लोकांना शांत व्हा म्हणून विनवावे लागले. दुसऱ्या दिवशी पुन्हा दंगा, शेवटी प्रेक्षकांना बाहेर काढून रिकाम्या मैदानात सामना संपवला गेला. दोन्ही ठिकाणचे लोक त्याच्यावर सारखेच प्रेम करणारे. पण कोलकात्याच्या त्या दिवशी देवाला बाद करणारे असुर ठरले आणि देवाचीच विनवणी भक्तांनी मोडली. चेन्नईला विसोबांचा धडा लोकांना कोणी शिकवला होता कोण जाणे. समोरच्या संघातही त्यांना तेच दिसले. एकालाच देव म्हटले की उरलेल्या एकवीस जणांत तो नाही असे आपोआप ठरते. औंढ्याच्या गोष्टीचा खरा रोख याच चुकीवर आहे. पिंडीतला देव खोटा असे विसोबांनी म्हटले नव्हते, तो तेवढ्यातच मावतो हे समजणे खोटे म्हटले होते.

आता दुसरा आक्षेप, जो बहुतेक लोक घेतील: एवढा कीस कशाला काढता, ही बोलायची रीत आहे, प्रेमाने म्हणतात. प्रेमाने म्हणतात यात शंका नाही. पण बोलायच्या रीतीलाही परिणाम असतात. मार्च २००६ मध्ये इंग्लंडविरुद्ध वानखेडेवर, म्हणजे त्याच्या स्वतःच्या गावात, तेंडुलकर १ धाव करून परतला तेव्हा काही प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. कोपराचे दुखणे, शस्त्रक्रिया, हरवलेला सूर, हे सगळे त्यांना माहीत होते. दुखऱ्या कोपराचा फलंदाज १ धावेवर बाद झाला तर लोक हळहळतात. देव १ धावेवर बाद झाला तर फसवणूक झाल्यासारखे वाटते. जिलाँगच्या देवाचे तर याहून वाईट झाले. २००० साली ॲब्लेटच्या हॉटेलच्या खोलीत एक तरुणी अमली पदार्थांमुळे दगावली. पुढे त्याने अमली पदार्थांच्या गुन्ह्याची न्यायालयात कबुली दिली. त्यानंतर त्या खेळाच्या मानकऱ्यांच्या यादीत त्याला घ्यावे की नाही यावर वर्षानुवर्षे वाद झाला आणि २००५ मध्ये त्याला जागा मिळाली. वादातल्या दोन्ही बाजूंनी ज्या तावातावाने तो लढवला, त्यामागे मला तेच टोपणनाव दिसते. एकाला देव भ्रष्ट झालेला पाहवत नव्हता, दुसऱ्याला मूर्ती फोडल्याशिवाय चैन नव्हते. त्याने मारलेले गोल मोठे, त्याने केलेले कृत्य वाईट, आणि दोन्ही एकाच माणसाची, एवढे साधे विधान करायला जागाच उरली नव्हती.

आपल्या जुन्या खेळांनी या बाबतीत जास्त शहाणपणा दाखवला आहे. मराठवाड्यातल्या कुठल्याही जत्रेतला कुस्त्यांचा फड घ्या. पहिल्या जोड्या पोरांच्या, रेवड्या-नारळावरच्या. उन्हे उतरता उतरता मोठ्या बक्षिसाची शेवटची. पैलवान मैदानात येतो, वाकून माती उचलतो, कपाळाला लावतो. तालमीत त्याच्या आधी मारुती येऊन बसलेला आहे. देवाची जागा भरलेली असल्याने पैलवानाला माणूस राहण्यावाचून पर्यायच नाही. आणि तो मारुतीही कसा, तर स्वतः रामाचा दास; समुद्रकाठी आपली ताकद विसरून बसलेला, जांबवंताने आठवण करून द्यावी लागलेला. बळाचा देव म्हणून आपण जो निवडला त्याच्यातही कच्चेपणाची एक खूण ठेवून दिली, हे मला आपल्या पूर्वजांच्या शहाणपणाचे लक्षण वाटते. पराभूत पैलवानालाही फडात काही ना काही देऊन, पाठीवर थाप मारून पाठवतात. पुढच्या जत्रेला तो परत येणार असतो.

पण ही बाजू गोड करून सांगण्यातही अर्थ नाही. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव अशाच तालमीतून वर आले. १९४८ ला लंडनच्या ऑलिम्पिकमध्ये सहावे, १९५२ ला हेलसिंकीत कांस्यपदक, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. हेलसिंकीला जायला पैसे कमी पडले तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकले. परतल्यावर गावाने बैलगाड्यांची मिरवणूक काढली. त्यानंतर पोलिसांतली नोकरी, १९८४ मध्ये अपघाती मृत्यू, आणि अर्जुन पुरस्कार मरणोत्तर. यांना कोणी देव केले नाही, आणि माणूस म्हणून द्यायचे तेही वेळेवर दिले नाही. म्हणून कोणी विचारेल, देव केले असते तर बरे झाले नसते का? माझे उत्तर असे की दूरदर्शनचा पडदा जिथे पोहोचतो तिथे देव तयार होतात आणि जिथे पोहोचत नाही तिथे विसर पडतो. दोन्ही एकाच आळसाची रूपे आहेत. खाशाबांना देव्हारा नको होता. हेलसिंकीत जपानच्या इशीशी हरल्यावर विश्रांतीशिवाय लगेच सोव्हिएत मल्लाशी लढायला उभे केले तेव्हा नियम दाखवून हरकत घेणारा एखादा भारतीय अधिकारी हवा होता. देवाला अशा अधिकाऱ्याची गरज नसते, पैलवानाला असते, आणि ही गरज दिसायला आधी समोरचा माणूस आहे हे मान्य करावे लागते.

तिसरा आक्षेप मात्र मला सहज बाजूला सारता येत नाही. हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, औंढा, वसमत या भागात ज्याची हळद किंवा सोयाबीन पावसाने नेली, ज्याच्या हाती दुसरे काही नाही, त्याला वर्षातून काही दिवस कोणी एक मराठी पोरगा जगाला भारी पडताना दिसला आणि त्याने त्याला देव म्हटले, तर शहाण्यांनी त्याच्या हातातून तेवढे का हिसकावून घ्यावे? मी ते हिसकावत नाही. फक्त असे म्हणतो की त्या शेतकऱ्याला जे हवे आहे ते देवापेक्षा माणसाकडून जास्त मिळते. पीक गेलेल्याला अजिंक्य देव दाखवून काय उपयोग? देव त्याच्या देवघरात आधीच आहे. पाच डावांत ८२ धावा केल्यावर सहाव्या डावात आपला सर्वांत आवडता फटका गुंडाळून ठेवणारा, आणि तेवढ्यावर दहा तास तगून राहणारा माणूस त्याच्या कामाचा आहे. वडील गेल्याची बातमी आल्यावर मे १९९९ मध्ये विश्वचषक सोडून घरी आलेला, अंत्यविधीनंतर परत जाऊन केनियाविरुद्ध नाबाद १४० करणारा आणि शतक झाल्यावर वर आकाशाकडे पाहणारा मुलगा त्याच्या कामाचा आहे. देवांचे वडील वारत नाहीत.

नामदेवांच्या बाबतीत वारकऱ्यांना अशीच संधी होती. ज्याच्या हातचा घास देवाने खाल्ला त्याचे देऊळ उभे करून मूळ देवालाच मागे ढकलता आले असते. इतर अनेक पंथांनी आपल्या संस्थापकांचे तसे केले आहे. त्याऐवजी पंढरपूरच्या महाद्वारात नामदेवांना पायरीची जागा मिळाली, आणि ती त्यांनीच मागितली असे परंपरा सांगते. तेंडुलकरनेही, आपल्या हातून चुका होतात आणि देवाच्या होत नाहीत, अशा अर्थाचे बोलून हे नाव नाकारले आहे. १६ नोव्हेंबर २०१३ ला वानखेडेवर सगळे आटोपल्यावर तो एकटाच परत खेळपट्टीपाशी गेला, वाकला, तिला हात लावून तो हात कपाळाला लावला. पैलवान मातीला करतो तोच नमस्कार. त्याच्या बाजूने प्रश्न असा सुटलेलाच होता. गुंता आपल्या बाजूने आहे.

तो सोडवला तर तोटा होईल असे वाटत नाही, झाला तर फायदाच. कर्णधार म्हणून २५ कसोटींत त्याला चारच विजय मिळाले, हे मग खाली मान न घालता म्हणता येईल, आणि त्यामागची कारणे शोधता येतील. २०१२ ते २०१८ या काळात तो राज्यसभेचा नामनियुक्त सदस्य होता आणि त्याची हजेरी अगदी कमी राहिली. त्याबद्दल त्याला जाब विचारता येईल, जसा कुठल्याही खासदाराला विचारावा. आणि ज्याने हा जाब विचारला त्यालाच त्याच संध्याकाळी सिडनीचा डाव पुन्हा लावून, ऑफ स्टंपच्या बाहेर सोडलेला प्रत्येक चेंडू मोजत बसता येईल.